मराठवाड्यात एका दिवसात जाऊन येण्यासारखं: अजिंठा-वेरूळ सोडून बोला

तेरणाकाठ
पाहुणे आले की आपली गाडी अजिंठा, वेरूळ, मकबरा आणि फार तर तुळजापूर, याच्यापुढे सरकत नाही. म्हणून हा धागा. अटी तीन. सकाळी सहाला निघून रात्री आठला घरी. एका बाजूचं अंतर शंभर किलोमीटरच्या आत. दुपारचं जेवण त्या भागातलं, पनीर बटर मसाला नको.

नुसती नावं टाकू नका, नावं कुठंही मिळतात. वेळ किती लागतो, महिना कोणता, खायला काय आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथं गेल्यावर काय फसतं, ते लिहा. घरात गुडघेदुखीवाली मंडळी असतील तर चालेल का, तेही सांगा.

सुरुवात मी करतो. धाराशिव लेणी आणि तेर. लेणी शहराला लागूनच बालाघाटाच्या कड्यात आहेत. मूळची बौद्ध, नंतर जैन झालेली. सकाळी सातला पोचलात तर दीड तासात होतात. तिथून तेर २५ किलोमीटरच्या आसपास. हे म्हणजे जुनं तगर, पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी-वर्णनात नाव असलेलं. त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर, हत्तीच्या पाठीसारखं गोल छत असलेलं. उत्तरेश्वर, गोरोबाकाकांचं मंदिर, आणि रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय. काय फसतं? लोक सोमवारी जातात आणि संग्रहालय बंद असतं. तेरची निम्मी मजा त्या संग्रहालयात आहे, सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या. ते न बघता परत येणं म्हणजे लग्नाला जाऊन जेवल्याशिवाय येणं. परतीला धाराशिवात खव्याचे गुलाबजाम.

चाकावरचा
हे अर्ध्या दिवसाचं काम आहे दादा. धाराशिव लेणी, तेर, तुळजापूर, नळदुर्ग. चारही एका दिवसात आरामात.

उपळी_बुरुज
आरामात? हिशेब मांडू. धाराशिव ते तेर २५, परत २५, पुढे तुळजापूर २२, तिथून नळदुर्ग ३५. म्हणजे फिरण्यातच शंभरच्या वर, आणि घरी परत यायचे साठ वेगळे. नुसत्या चाकावर चार तास. तुळजापुरात मंगळवारी-शुक्रवारी रांग किती वेळ घेईल हे देवीलाच माहीत. नळदुर्गला उरतो पाऊण तास, संध्याकाळी, किल्ल्याचं दार बंद व्हायच्या वेळी.

नळदुर्ग एकट्यालाच तीन तास लागतात. तटाला शंभरावर बुरुज आहेत. पाणीमहाल बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. बंधारा भरला की पाणी दोन सांडव्यांवरून पडतं, तेच नर-मादी धबधबे. महालाच्या सज्जात उभं राहिलं की पाण्याचा पडदा समोर आणि आपण कोरडे. पण हे वर्षभर नसतं! वरचं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटल्याशिवाय धबधबा पडत नाही. कमी पावसाच्या वर्षी एक थेंब नाही. म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आधी ‘बोरी धरण भरलं’ ही बातमी बघायची, मग गाडी काढायची. उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या उंच आणि उघड्या आहेत, गुडघेवाल्यांनी खालूनच नमस्कार करावा.

आणखी एक. कोजागरीच्या आसपास तुळजापूरचे रस्ते पायी येणाऱ्यांनी भरलेले असतात, सोलापूरकडची वाहतूक वळवतात. त्या दोन-तीन दिवसांत या बाजूला फिरायला निघूच नये.

चाकावरचा
बरं, तीन.

उपळी_बुरुज
दोन.

मांजराकाठ
लातूरहून एकाच रस्त्यावर बसणारी तीन ठिकाणं घ्या: औसा, खरोसा, निलंगा. औसा २० किलोमीटर, भुईकोट किल्ला, तास-सव्वातास. पुढे निलंगा रस्त्याला खरोसा लेणी, लातूरपासून ४५ च्या आसपास. साधारण सहाव्या शतकातली, बारा लेणी, शैव-वैष्णव शिल्पं, रामायण-महाभारतातले प्रसंग.

इथं फसतं ते उजेडामुळं. ही लेणी वेरूळसारख्या काळ्या बसाल्टात नाहीत, जांभ्यात आहेत. जांभा भोकाभोकांचा, त्यामुळं नक्षी झिजलेली. भर दुपारी गेलात तर भिंत नुसती खडबडीत दिसते आणि पाहुणे विचारतात, ‘हेच का?’ सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा आणि हातात टॉर्च ठेवा. टॉर्च शिल्पावर समोरून मारायचा नाही, बाजूनं, भिंतीला जवळजवळ चिकटवून मारायचा. सावल्या पडल्या की आकृत्या उठून येतात. मोबाईलचा उजेड सपाट पडतो, उपयोग नाही.

निलंग्यात नीलकंठेश्वराचं मंदिर. आणि गाड्यावरचा निलंगा राईस, तिखट. चिंचेचा हंगाम असेल (फेब्रुवारी-मार्च) तर निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची पटडी चिंच घ्या, तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. बोरसुरीची तूरडाळही त्याच तालुक्यातली, तिलाही मिळालंय.

नुसता_वाचक
टॉर्चची टीप वहीत लिहून घेतली. बाकी वाचतोय.

खडकीकर
संभाजीनगरहून पितळखोरा. कन्नडच्या पुढे, एका बाजूनं ऐंशीच्या आत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाइतकी जुनी लेणी, म्हणजे वेरूळच्या कितीतरी आधीची. जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. इथं सापडलेला हसरा यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याच्या हातावर कान्हदास नावाच्या सोनारानं बनवल्याचं कोरलंय.

फसतं काय:
पायऱ्या आधी उतरायच्या आहेत, चढ परतीला. दुपारी बाराला खाली पोचलेला माणूस उन्हात चढतो, म्हणून सकाळी आठला खाली आणि साडेदहाला वर. भर पावसात लेण्यांपुढून ओढा वाहतो आणि दगडावर शेवाळ असतं. सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर सगळ्यात चांगला. कड्यात आग्यामोहळं लागतात. अत्तर, सिगारेट, ओरडाआरडा, ड्रोन यातलं काहीही नको. माश्या उठल्या तर पळायला जागा नाही, एकच वाट आहे. आणि खाली दुकान नाही. माणशी दोन लिटर पाणी वरूनच न्यायचं.

गुडघेवाल्यांना? नाही. त्यांच्यासाठी त्याच बाजूला गौताळ्याचा जंगलातला रस्ता, गाडीतूनच. अभयारण्य आहे, त्यामुळं अंधार पडायच्या आत बाहेर.

धपाटे_दही
आणि जेवायला? सगळे दगडच सांगताय राव.

खडकीकर
कन्नड खानदेशाच्या उंबऱ्यावर. शेवभाजी आणि भाकरी. शेव आधीच टाकून ठेवलेली असेल तर तिचा लगदा झालेला असतो. ‘शेव वेगळी द्या’ म्हणायचं, रस्सा ताटात आल्यावर आपण टाकायची. नाहीतर शहरातून निघतानाच जुन्या भागातल्या भट्टीवरचे नान बांधून घ्या. खलिया (नानबरोबरचा मटणाचा रस्सा) गरमच खायचा, पण नान दोन दिवस मऊ राहतात. डब्यातल्या सुक्या मटणाबरोबर, चटणीबरोबर, नुसत्या चहाबरोबरही जातात.

गोदाकाठ
परभणीची बाजू कुणी घेत नाही म्हणून. जिंतूरजवळची नेमगिरी, जैन गुहामंदिरं. गुहांची दारं ठेंगणी आहेत, कमरेतून वाकून आणि काही ठिकाणी बसत आत जावं लागतं. पाठीचा त्रास असलेल्यांनी विचार करावा. तिथून जालन्याच्या रस्त्याला चारठाणा. गावभर विखुरलेली जुनी मंदिरं, बारव, एकटाच उभा कोरीव स्तंभ. पाटी वगैरे फारशी नाही. गावात शिरल्यावर ‘हेमाडपंती देऊळ कुठंय’ विचारलं तर जवळचं एकच दाखवतील. ‘सगळी देवळं बघायचीत’ असं म्हणा, मग एखादं पोरगंच पुढं होऊन चालायला लागतं.

सकाळचा नाश्ता परभणीतच करून निघा: सुशीला.

पुणेरी_पाहुणा
सुशीला कोण?

गोदाकाठ
😄 मुरमुऱ्यांचा उपमा समजा, पण तसं म्हटल्याचं इथं कुणाला सांगू नका. मुरमुरे पाण्यात टाकून लगेच, म्हणजे दहा मोजायच्या आत पिळून काढायचे. तेलात मोहरी, जिरं, भरपूर कांदा, हिरवी मिरची, हळद, कढीपत्ता, शेंगदाणे. मग मुरमुरे, वरून डाळव्याची म्हणजे फुटाण्याच्या डाळीची पूड, कोथिंबीर, लिंबू. पाव किलो मुरमुऱ्यांना पाऊण वाटी पूड पुरते. तीच पूड राहिलेलं पाणी शोषून घेते. ती कमी पडली किंवा मुरमुरे जास्त भिजले की लापशी. गाड्यावर सकाळी दहाच्या आत खायचा, नंतर झाकणाखाली वाफ धरून चिवट होतो.

मांजराकाठ
आमच्याकडं पूड शेंगदाण्याची.

गोदाकाठ
म्हणून तुमच्याकडचा तेलकट.

बालाघाटी
बीडहून दोन दिशा, एका दिवसात एकच.

पहिली पावसाळ्यात, सौताडा. पाटोदा तालुक्यात, जामखेडच्या अलीकडं. विंचरणा नदी कड्यावरून दरीत पडते, खाली रामेश्वराचं मंदिर. वरून बघणं सोपं, पण धार बघायची म्हणून काठावर सरकतात तिथंच घात होतो. बसाल्टाच्या कड्यावर माती आणि गवत यांचा पातळ थर असतो, पावसात पायाखालून सटकतो. पायऱ्यांनी खाली जाऊन बघा. गर्दी श्रावणी सोमवारी आणि रविवारी, इतर दिवशी शांत.

दुसरी दिशा हायवेची. सकाळी बीडची खजाना विहीर, सोळाव्या शतकातली, भुयारातून पाणी बाहेर पडून शेतीला जायची सोय. शहरात कंकालेश्वर, कुंडाच्या मधोमध. मग मांजरसुंब्याजवळ कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी आणि पावसाळी धबधबा. तिथून धाराशिवकडं सरमकुंडी फाटा, कुंथलगिरीचा खवा-पेढा. कुंथलगिरी खव्यालाही मानांकन आहे.

खवा घेताना: चिमूट तळहातावर चोळा. तूप सुटलं पाहिजे आणि कण लागले पाहिजेत. रबरासारखा ताणला तर नको. म्हशीचं दूध असेल तर साडेचार-पाच लिटरला किलोभर खवा पडतो, आजचा दुधाचा भाव त्यानं गुणून बघा. विकणारा त्याहून स्वस्त देत असेल तर काहीतरी मिसळलंय. पेढा भाजून तपकिरी झालेला घ्या, तो आठवडा टिकतो. कच्चा खवा मात्र उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवला की घरी पोचेपर्यंत आंबतो. परतीच्याच वाटेवर घ्यायचा, जाताना नाही.

धपाटे_दही
गुणाकाराची युक्ती भारी. आता कळलं गल्लीतला पेढा एवढा स्वस्त कसा.

लालपरी
सगळे गाडीवालेच का? एसटीनं जाणाऱ्यांसाठी. नियम एकच: तालुक्यापर्यंत गाड्या भरपूर, तालुक्यापासून गावापर्यंतची मोजकी. म्हणून सकाळी उतरल्या उतरल्या त्याच स्टँडवर ‘चौकशी’च्या खिडकीवर परतीची शेवटची गाडी विचारा आणि तिच्या आधीच्या गाडीचा बेत करा. शेवटची रद्द झाली तर मुक्काम. महिलांना अर्धं तिकीट (मार्च २०२३ पासून) आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत. आधार कार्ड मूळ किंवा मोबाईलमधलं जवळ असू द्या, त्यावरून वाद घालण्यात अर्धा प्रवास जातो.
शाळेच्या सुट्टीत काही गावांच्या फेऱ्या बंद होतात, कारण त्या पोरांसाठीच असतात. मे महिन्यात हे विसरू नका.

लेणीवेडा
लोणार कसं कुणी लिहिलं नाही?

तेरणाकाठ
बुलढाणा जिल्हा. विदर्भ.

लेणीवेडा
जालन्याहून तर जवळ आहे.

चाकावरचा
उल्केला कुणी विचारलं होतं का, मराठवाड्यात पडतीस का विदर्भात?

लेणीवेडा
बरं, मग आमच्या बाजूचं घ्या. भोकरदन तालुक्यात अन्वा, बाराव्या शतकातलं मंदिर, आत महादेव आणि बाहेर विष्णूची शक्तिरूपं. आणि सिल्लोड तालुक्यात जंजाळ्याची घटोत्कच लेणी, वाकाटक राजांच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याचा लेख आहे, याच मंत्र्याचा लेख अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातही आहे. दोन्ही एका दिवशी होतात, पण जंजाळ्याला गावातून वाटाड्या घ्या. झुडपात वाट सापडत नाही.

कडबा
नांदेडचं थोडक्यात टाकतो. होट्टल, देगलूरपासून जवळ, सिद्धेश्वर मंदिर, चालुक्य शैली. कंधारचा भुईकोट, पाण्यानं भरलेला खंदक, आणि गावच्या शिवारात अवाढव्य क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुकडे. नुसता पाय बघितला की अंदाज येतो. सहस्रकुंड पैनगंगेवर, मुदखेड-आदिलाबाद रेल्वेवर त्याच नावाचं स्थानक आहे. ऑगस्ट-सप्टेंबर. फेब्रुवारीत जाऊन शिव्या देऊ नका.
देगलूर-धर्माबादकडं सकाळी इडली-वडा आपल्याकडच्यापेक्षा चांगला मिळतो, तेलंगण शेजारीच. धर्माबादची लाल मिरची किलोनं घ्या. देठ हिरवट आणि मिरची हाताला थंड लागली तर ओली आहे, घरी बुरशी धरेल. हलवून आतलं बी वाजलं पाहिजे.

नुसता_वाचक
डिसेंबर-जानेवारीत काय? धबधबे संपले.

मांजराकाठ
हुरडा!

आणि त्याआधी एक सावधगिरी. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवकडं फिरायला येऊ नका. येणारच असाल तर कुणाच्या तरी शेतात आमंत्रण घेऊनच या. अख्खं शहर शेतावर असतं. हॉटेलं बंद, दुकानं बंद, रस्ते ओस. शेतात मात्र कडब्याची कोप (खोपी), भज्जी, आंबील, उंडे, खीर. भज्जी म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, पालेभाज्या, गाजर, चिंच, आणि बेसन लावून शिजवलेलं सगळं एकत्र. हे वर्षातून एकदाच, विकत मिळत नाही.

हुरड्याचं गणित वेगळं. एका शेतातली कणसं हुरड्यात आठ-दहा दिवसच असतात. आधी दुधात, नंतर टणक. पेरण्या मागेपुढे झालेल्या असतात म्हणून एकूण हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत चालतो. फोनवर ‘हुरडा आहे का’ विचारू नका, ‘आहे’च म्हणतील. विचारा, ‘कोणता आहे?’ गूळभेंडी, सुरती, कुचकुची यापैकी नाव सांगितलं तर खास हुरड्यासाठी पेरलाय. ‘ज्वारीचाच आहे’ म्हणाले तर ती साधी दाण्याची ज्वारी. खाता येते, पण कणसातून दाणा सुटत नाही आणि कूस तोंडात येतं.

आगटी गोवऱ्यांची हवी, लाकडाची नको. लाकडाच्या जाळानं वरून करपतो, आतून कच्चा. निखाऱ्यात कणीस खुपसून तीन-चार मिनिटं, दाणा हिरवा राहून फुगला की बाहेर. लगेच हातावर किंवा पोत्यात चोळायचा, लगेच खायचा. पाच मिनिटं थांबला तर चामट. म्हणून पंगत आगटीभोवती बसते, हुरडा ताटात येत नाही. माणशी सहा-सात कणसं धरा. बरोबर शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, गूळ, दही, रेवड्या. वर लगेच ढसाढसा पाणी पिऊ नये म्हणतात, ताक घ्यावं.

धपाटे_दही
हुरड्यानंतर जेवण ठेवणारे लोक मला कधी कळले नाहीत. पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत समोर आणि पोटात जागा नाही. हुरडा अकराला, जेवण अडीचला. मधे विहिरीपर्यंत चालून या.

रानवाट
परतीच्या रस्त्याचं कुणी लिहिलं नाही. नोव्हेंबर ते मार्च कारखान्यांचा गाळप हंगाम. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसानं झाकलेला. समोरून गाडीचा उजेड डोळ्यावर असताना मधल्या काळोखात ट्रॉली असते. म्हणून या महिन्यांत ‘रात्री आठला घरी’ ऐवजी ‘दिवेलागणीला हायवेवर’ अशी अट घाला.
आणि जून-जुलैत दुचाकी घेऊन काळ्या मातीच्या पाणंदीत शिरू नका. माती चाक आणि मडगार्डच्या मधे गोळा होऊन चाक जाम होतं, काठीनं काढली तरी शंभर फुटांवर परत तेच. पाऊस पडून गेल्यावर किमान दोन दिवस ऊन लागतं वाट वाळायला. चारचाकीचं तर बोलूच नका, ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

पुणेरी_पाहुणा
खेड्यातल्या खाणावळीत जेवण हमखास मिळायला काय करायचं? दुपारी दोनला गेलं की ‘संपलं’ म्हणतात.

धपाटे_दही
संपलेलं नसतं, केलेलंच नसतं. लहान खाणावळ गिऱ्हाईक मोजून शिजवते. सकाळी अकराच्या आत त्या गावातून जाताना सांगून पुढं जा किंवा फोन करा: माणसं किती, मटण किती, भाकरी ज्वारीची का बाजरीची, जेवायला किती वाजता. अर्धा किलोत तिघं जेवतात. थोडे पैसे आगाऊ दिले की शब्द पक्का. येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी मिळते का तेही विचारा, ती पाटीवर लिहिलेली नसते. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जा. त्या दिवशी सगळं ताजं आणि भरपूर, भजी तर कढईतून थेट कागदावर. फक्त गाडी बाजाराच्या बाहेर लावा, आत अडकलात तर संध्याकाळीच सुटाल.

तेरणाकाठ
धागा आगटीभोवतीच बसला, पण हरकत नाही. मूळ प्रश्नातला एक भाग राहिला. गुडघेवाल्यांसाठी, पायऱ्या जवळजवळ नाहीत आणि जेवण बरं, असं एकच सांगायचं तर?

मांजराकाठ
औसा-निलंगा. खरोसा खालच्या लेण्यांपुरतं.

उपळी_बुरुज
नळदुर्ग, पाणीमहालाच्या वरपर्यंत. आत उतरायचं नाही.

गोदाकाठ
तेरच. तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की. मंदिरं सपाटीवर, संग्रहालय तळमजल्यावर, अंतरं कमी.

चाकावरचा
तेर, आणि जाता जाता तुळजापूर, मग नळ

उपळी_बुरुज
दोन!!

तेरणाकाठ
ठरलं, तेर. येत्या सोमवारी सुट्टी आहे, तेव्हाच

लालपरी
सोमवारी संग्रहालय बंद असतं, दादा.